मदत हवी आहे : मराठी इंद्रजाल कॉमिक्सच्या गंजलेल्या पिना काढाव्यात का?

1964 मध्ये सुरू होऊन 1990 मध्ये बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक जमवण्यास मी नुकतीच सुरुवात केली असून, वेताळ (इंग्रजीतील फँटम) आणि बहादूर या नायकांचे 19 अंक रद्दीच्या दुकानांतून मिळाले आहेत. मुखपृष्ठे शाबूत आहेत, परंतु पिनांचा गंज कागदात उतरू लागला आहे. मी रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यातील दमट हवा टाळता येत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आत ओल धरली, म्हणून सध्या अंक सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. चिकटपट्टी कोठेही लावलेली नाही. अंक विकायचे नाहीत. वेताळाची मराठीतील गोडी निराळीच असल्याने ते हाताळून वाचता यावेत, एवढीच इच्छा आहे. अशा वेळी मूळ पिना काढून सुती दोऱ्याने शिवणे योग्य ठरेल का, आणि तसे करताना घडीवरचा ठिसूळ कागद फाटू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी?