रंगभूमीची वेशभूषा परदेशात शिकायची आहे, पोर्टफोलिओबद्दल मदत हवी

नमस्कार मंडळी,

मला नाटकाची वेशभूषा परदेशात शिकायची आहे. सिडनीच्या नायडामध्ये (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ड्रामॅटिक आर्ट या नाट्यसंस्थेत) कॉस्च्यूमचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि लंडन कॉलेज ऑफ फॅशनमध्ये 'कॉस्च्यूम फॉर परफॉर्मन्स'. वेल्समधलं रॉयल वेल्श कॉलेजही यादीत आहे, तिथला अर्ज यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्समधून, म्हणजे ब्रिटनमधल्या संगीत-नाट्य संस्थांसाठीच्या सामायिक अर्जप्रणालीतून जातो.

अडलंय पोर्टफोलिओवर. काही ठिकाणी भर डिझाइनवर असतो, म्हणजे संहिता वाचून पात्राचे कपडे कल्पायचे. काही ठिकाणी बेतणं, कापणं, शिवणं यावर. माझा जीव शिवणात जास्त रमतो. काळोखात काही सेकंदांत बदलता येईल असा पोशाख, नाचताना काखेत न उसवणारी बाही, दिव्यांखाली रंग बदलणारं कापड, हे सगळं मला मनापासून शिकायचंय. पण ही कारागिरी फोटोत दिसणार कशी? कपडा उलटा करून आतली शिवण, अस्तर दाखवावं का? कोऱ्या कापडावरची चाचणी-शिलाई आणि पेपर पॅटर्नही ठेवावेत का? मला वाटतं ठेवावेत, कारण विचार तिथेच दिसतो. आणि रेखाटन बेताचं असेल तर कितपत अडतं?

मुलाखत दिलेल्यांनी जरूर सांगा: कामाबद्दल खोदून काय विचारतात? एखादं नाटक वाचून जायला सांगतात का? शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागला का, आणि प्रवेशाआधी की नंतर?

अनुभव छोटा असला तरी लिहा. मनापासून आभार.