दक्षिण आफ्रिकेत वन्यजीवांसाठी स्वयंसेवक म्हणून कोणी गेलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी आहे. तिला क्वाझुलू-नाताळमधल्या ह्लुह्लुवे-इम्फोलोझीला महिनाभर स्वयंसेवक म्हणून जायचंय. १८९५ पासून राखलेलं हे जंगल, पांढरा गेंडा नामशेष होता होता वाचला तो इथेच. काम मनासारखं आहे: भल्या पहाटे उघड्या जीपमध्ये अँटेना फिरवत रेडिओ कॉलर (गळ्यातला संदेश देणारा पट्टा) लावलेल्या रानकुत्र्यांचा माग काढायचा आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून एकेकाला ओळखून नोंद करायची.

'सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजा' असल्या जाहिराती आम्ही आधीच बाद केल्या. माणसाळलेला सिंह पुन्हा जंगलात सोडता येत नाही, असे कितीतरी पुढे कुंपणात कोंडून केल्या जाणाऱ्या शिकारीसाठी विकले जातात. पैसे भरून त्याला हातभार लावायचा नाही, हे तिचं पक्कं आहे.

अडलंय ते असं: संस्था खरी आहे आणि भरलेले पैसे जंगलासाठीच जातात, हे इथे बसून कसं पडताळायचं? अशा कामाला साधा व्हिजिटर व्हिसा चालतो का? तिकीट नैरोबीमार्गे स्वस्त पडतंय, पण थांबा लांबला तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मुंबई-पुण्यात लशीची वेळ लवकर कुठे मिळते? कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा, तिच्याशी बोलायची तयारी असेल तर फारच बरं.