अनुभव धागा: गाडी खाली बसवली, आणि मग...

तिसरा_गिअर

गणपतीच्या आधीची साफसफाई. आईने मला माळ्यावर चढवलं. तांब्याच्या हंड्यामागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं, ओढलं तर पायावर पडता पडता राहिलं. चार स्प्रिंग. माझ्या २०१० च्या स्विफ्टच्या, कंपनीच्या मूळच्या. आई खालून ओरडली, "भंगारवाला उद्या येतोय, दे काढून."

देणार नाही. गाडीला पंधरा वर्षं झाली, पुन्हा पासिंग करायचंय, तेव्हा याच परत चढवायच्या आहेत. पण त्या हातात घेतल्या आणि एकदम २०१४ आठवलं.

आम्ही तिघं मित्र, तिघांच्याही गाड्या छोट्या, आणि डोक्यात एकच खूळ: कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी न्यायची. ठाण्याहून तेराशे किलोमीटर. २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकसाठी मी काय तयारी करावी? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून लोअरिंग स्प्रिंग (गाडी बुटकी करणाऱ्या आखूड स्प्रिंग) आणल्या आणि जुन्याच शॉकअपवर चढवल्या. साठ हजार किलोमीटर चाललेले शॉकअप! गाडी दिसायला काय सुंदर. मानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक मात्र रोज पोट खरवडून घ्यायचा. बाबा म्हणाले, "पैसे देऊन गाडी बिघडवून आणणारा खानदानात तू पहिलाच."

ट्रॅकवर पहिल्याच वळणाला स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि गाडी आपली सरळ. जरा उंचवटा आला की बेडकासारखी उड्या मारायची, कारण स्प्रिंग कडक झाली पण तिला आवरणारा शॉकअप थकलेला. स्प्रिंग दाबली गेली की ती परत उसळणार, त्या उसळीला लगाम घालणं शॉकअपचं काम. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं शॉकअप म्हणजे धक्के खाणारी वस्तू.

शेजारी एक साठीचे तमिळ गृहस्थ होते. त्यांची जुनी झेन, बाहेरून काहीही केलेलं नाही, आणि आम्हाला प्रत्येक लॅपला मागे टाकत होते. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. ते काही न बोलता माझ्या गाडीखाली आडवे झाले, टॉमी (लोखंडी दांडा) मागितली, लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये (सांध्यातल्या रबरात) घातली आणि हलवली. आर्म चांगला अर्धा इंच हलला. मग माझ्याकडे बघून त्यांनी जे स्मित केलं ते आजही झोपेत दिसतं.

परत आल्यावर सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंट (शॉकअपचं वरचं टोक जिथे गाडीला बसतं ती बैठक). मग टायर: १६५/८० आर१४ काढून १९५/६० आर१५. व्यास जवळपास तेवढाच राहतो त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, पण टायरची भिंत बुटकी होते आणि वळणावर लोळत नाही. मग पुढे दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकांची वरची कड जरा आत झुकवलेली. स्प्रिंगला शोभतील असे शॉकअप शेवटी. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर, तोच मी, तेच इंजिन, वेळ चार सेकंदांनी कमी. त्यातले तीन तरी टायर, बुश आणि कॅम्बरचे असावेत असा माझा हिशोब.

तुम्ही गाडीच्या पायांशी काय काय खेळ केलेत? लिहा. ट्रॅकच पाहिजे असं नाही.

रिकामा_रबाळे

स्प्रिंग कापल्या होत्या. गॅस कटरने. बस, एवढंच लिहितो, बाकीचं लिहायला लाज वाटते.

नौपाडेकर

लिही रे, लाजतोस काय, इथे सगळे तसलेच आहेत

रिकामा_रबाळे

बरं. मारुती ८००, कॉलेजात असताना. एमआयडीसीतला एक वेल्डर म्हणाला दोन वेटोळी उडवू, फुकट गाडी खाली. उडवली. रात्री साडेबाराला शिळफाट्याला एका खड्ड्यात मागचं चाक लटकलं आणि स्प्रिंग जागेवरून निसटून बाहेर. आखूड झालेली ना, चाक पूर्ण खाली गेलं की बैठकीत राहतच नाही. रस्त्यावर टण्ण करून पडली आणि एका ट्रेलरच्या खाली गेली. ट्रेलरवाल्याने थांबून शोधून दिली, वर चहा पाजला. माणूस देव होता.

टॉर्करेंच

नशीब समज. कापलेली स्प्रिंग कडकही होते, हे लोकांना उलटं वाटतं. सहा चालत्या वेटोळ्यांतलं एक काढलं की स्प्रिंग साधारण २० टक्क्यांनी कडक. आणि गॅसने कापलं तर टोकाचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाची ताकद जाते, ते वेगळंच.

तिसऱ्या गिअरच्या पोस्टवर दोन गोष्टी. बुश बदलताना लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना घट्ट करू नका. हाताने कच्चे ठेवा, चाकं जमिनीवर टेकवा, वजन येऊ द्या, मग आवळा. लटकत्या गाडीत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. दहातले नऊ मेकॅनिक हे करत नाहीत आणि मग "लोकल बुश होता साहेब" म्हणतात.

दुसरं, खाली बसवण्याचं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, खाली लोअर आर्म. गाडी फार खाली आणली की लोअर आर्म चाकाच्या बाजूने वर चढतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. म्हणजे दिसायला बुटकी, पण वळणावर कलायला आधीपेक्षा उत्सुक. टाय रॉडचाही (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) कोन बिघडतो, एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग स्वतःच्या मनाने वळतं. २५-३० मिलिमीटरच्या पुढे मी जात नाही.

नौपाडेकर

बारावीच्या फिजिक्सला आम्हाला हे असं शिकवलं असतं तर मी आज बँकेत नसतो

वाशीची_मावशी

तुमचं ते कलणं-बिलणं मला कळत नाही, पण अनुभव माझाही आहे. चिरंजीवांनी गाडीला कॉइलओव्हर नावाचं, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं प्रकरण बसवलं. म्हणे याची उंची फिरवून कमीजास्त करता येते. पगार तिथेच गेला दोन महिन्यांचा. आणि त्याच गाडीतून आम्ही पेणहून गणपती आणायला गेलो. शाडूची मूर्ती, माझ्या मांडीवर, खाली उशी, उशीखाली अजून एक उशी. पेण ते वाशी रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक खड्ड्याला मी "मोरया" म्हणत होते, भक्तीने नव्हे. घरी येऊन पाहिलं तर बाप्पा सुखरूप, पण उंदराचा एक कान गेलेला.

त्या दिवशी ह्यांनी मुलाला जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

तिसरा_गिअर

मावशी 😂😂 चिरंजीवांना सांगा, त्याला एक फिरकी असते, टकटक करत मऊ करता येतं. कदाचित सगळ्यात कडक टोकाला ठेवली असेल.

वाशीची_मावशी

विचारलं. म्हणतो "हो तशीच होती, मला वाटलं जास्त म्हणजे चांगलं". धन्य.

अबोली_४३

सीवूड्सला राहते, पाम बीच रोडपासून हाकेच्या अंतरावर. तुमचे अनुभव छान आहेत पण रात्री एक वाजता आमच्या खिडकीखालून ज्या गाड्या जातात त्यांचे मालकही स्वतःला ट्रॅकवालेच समजतात. सासूबाई झोपेतून दचकून उठतात. कोईमतूरला जा, हवे तिथे जा, पण इथे नको. रागावून लिहिलं असेल तर माफ करा, कालच झोप झाली नाहीये.

तिसरा_गिअर

माफी कशाला, बरोबरच आहे. रस्त्यावर आम्ही हे करत नाही. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, कुत्रं येत नाही, आजोबा फिरायला निघत नाहीत. तिथे चुकायची सोय असते.

खारघर_वारा

चुकायच्या सोयीवरूनच लिहिते. माझी पोलो १.२ टीएसआय. दोन वर्षं मैदानातल्या ऑटोक्रॉसमध्ये (प्लास्टिकचे शंकू मांडून त्यांच्यामधून गाडी पळवायची) शंकू पाडले, मग मद्रासच्या इरुंगट्टुकोट्टाई ट्रॅकवर गेले. तो ३.७ किलोमीटरचा, करीपेक्षा वेगवान. पुढची चाकं ओढणाऱ्या सगळ्या छोट्या गाड्यांची रड एकच, नाक वळत नाही. उपाय म्हणून मी मागे जाड अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा) टाकला. मागचा एक्सल पिळायला तयार नसला की वळणावरचं ओझं मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त जातं, पुढच्या बिचाऱ्या बाहेरच्या चाकाचा भार हलका होतो आणि नाक वळायला लागतं. आतलं मागचं चाक तर हवेतच जातं. माझ्या फोटोत गाडी विजेच्या खांबाशी पाय वर केलेल्या कुत्र्यासारखी दिसते. आईने तो फोटो फ्रेम करायला नकार दिला.

कोरड्यात स्वर्ग. दुपारी चार थेंब पडले. मधल्या एका वळणावर मी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला. वजन पुढे आलं, मागचं आधीच हलकं, आणि गाडीचं बूड सरळ माझ्या पुढे निघालं. थांबले तेव्हा मी आलेल्या दिशेला तोंड करून होते, मार्शल पिवळा झेंडा फडकावत होता आणि माझा डावा पाय आपोआप थरथरत होता. कुणाला लागलं नाही, गाडीलाही नाही. परत येऊन बार काढला. मग पातळ बसवला. आता पावसाळ्यात घरी ठेवते.

अजून एक स्वस्त गोष्ट: खडू. टायरच्या बाहेरच्या खांद्यापासून भिंतीवर रेघ ओढायची, तीन लॅप मारून यायचं, कुठपर्यंत पुसली ते बघायचं. भिंतीवरची पण पुसली असेल तर टायर लोळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर अपुरा. पोराच्या दप्तरातला खडू चोरते मी.

टॉर्करेंच

वा! हे झालं खरं काम. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा दांडा) असलेल्या गाडीला मागचा कॅम्बर बदलायची सोय नसते, म्हणून लोक तिथे बारच्या मागे लागतात. एका वेळी एकच बदल करून वहीत लिहिता की नाही?

खारघर_वारा

वही आहे. त्यात किराण्याची यादीही आहे.

जुना_ठाणेकर

मंडळी, आमच्या वेळी सस्पेन्शन (गाडी झेलणारी व्यवस्था) म्हणजे पाटे. वडिलांची पद्मिनी होती. पुढे कॉइल स्प्रिंग आणि विशबोन (चाक धरणारे इंग्रजी व्ही आकाराचे दांडे), मागे पाटे. १९८२ साली बिऱ्हाड चेंदणीहून पाचपाखाडीला हलवलं तेव्हा वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या एकाने मागे एक पाटा जास्त चढवून दिला. सामान गेलं, पाटा तसाच राहिला. नंतर पाच वर्षं ती गाडी मागून कोंबडीसारखी वर आणि आम्ही सगळे पुढे घसरलेले.

शर्यती म्हणजे तेव्हा शोलावरम, मद्रासजवळची युद्धकाळातली विमानपट्टी. मामा एकदा जाऊन आले होते, महिनाभर तेच सांगत होते. तुमचा कोईमतूरचा ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुतीच्या गाड्या बनवल्या. १९९५ साली विमान अपघातात गेले. छोट्या इंजिनावर मोठी हौस करणारा माणूस.

बाकी गायमुखच्या रस्त्याची यंदा काय अवस्था? मुलगी शुक्रवारी बोरिवलीहून यायची आहे.

नौपाडेकर

काका, सकाळी सातच्या आत या म्हणावं. नंतर रामभरोसे.

नवीन_आलेला

ॲक्टिव्हाच्या मागच्या शॉकअपमधून तेल गळतंय, कोपरखैरण्यात कुठे बदलून मिळेल?

टॉर्करेंच

तेल गळतंय म्हणजे संपला, दुरुस्त करून घेऊ नकोस, नवीनच टाक. कुठलाही बरा गॅरेजवाला अर्ध्या तासात करेल.

नवीन_आलेला

थँक्यू दादा 🙏

नौपाडेकर

तिसऱ्या गिअर, पासिंगला खरंच मूळचं लावावं लागतं? की आरटीओत खाली वाकून कोण बघतंय

तिसरा_गिअर

कोण बघतंय यावर मला विसंबायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. शिवाय ट्रॅकवर काही झालं तर नेहमीचा विमा शर्यत आणि वेगाच्या चाचण्या धरतच नाही, ते लोक विसरतात. मी तर कोईमतूरला निघताना बाबांना "विमा आहे ना" म्हणून गप्प केलं होतं. खोटं बोललो होतो हे मलाही नंतर कळलं.

म्हणून चारही मूळ स्प्रिंग परत. आता खरी अडचण: स्प्रिंग कम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) कुणाकडे आहे का? दोरीने बांधून, देवाचं नाव घेऊन करणारे बघितलेत, मला ते करायचं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा घेऊन जाते.

टॉर्करेंच

माझ्याकडे आहे. शनिवारी सकाळी ये, दोघं मिळून करू. नवीन बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दाबली तर धक्का झेलणारे रबर) आणून ठेव, जुन्यांचा आता भुगा झाला असेल. मामलेदारची मिसळ तुझ्याकडून.

तिसरा_गिअर

डन. तिखट की मध्यम?

टॉर्करेंच

हा काय प्रश्न झाला

रिकामा_रबाळे

मीपण येऊ का? हात लावत नाही, नुसता बघतो.

टॉर्करेंच

ये. कटर घरी ठेवून ये.

अबोली_४३

मावशी, ते उंदराच्या कानाचं पुढे काय झालं? मगापासून तेच डोक्यात आहे.

वाशीची_मावशी

अगं चिकटवला ना चिरंजीवांनीच, प्रायश्चित्त म्हणून. पण उलटा बसला. पाच दिवस आमचा उंदीर एका कानाने मागचं ऐकत होता.