लघु-गुरू न कळता कवितेवर मत द्यावं का?

सासवडकर:
कवितेखाली ‘व्वा’, ‘भिडली’ आणि फार तर ‘लय जरा चुकलीये’ एवढंच वाचून कंटाळा आलाय. चुकली तर कुठे? माझं म्हणणं, मत देणाऱ्याला निदान लघु (ऱ्हस्व अक्षर), गुरू (दीर्घ अक्षर), मात्रा (उच्चाराच्या वेळेचं माप), यती (ओळीतला थांबा), यमक एवढं तरी यायला हवं. उदाहरण घ्या. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. भुजंगप्रयात वृत्त, 12 अक्षरं, चार वेळा ‘लगागा’ (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू; जोडाक्षराच्या अलीकडचे ‘स’ आणि ‘भ’ गुरू होतात). आता म्हणा ‘मना सज्जना भक्तिमार्गाने जावे’. अर्थ तोच, अक्षरंही 12च. तरी जीभ अडखळते, कारण दहाव्या जागी लघु ‘चि’ होता तिथे गुरू ‘ने’ बसलाय. हे बोट ठेवून सांगता येणं म्हणजे परिभाषा. ज्याला हे येत नाही त्यानं निदान लयीबद्दल गप्प बसावं.

रानवाट:
म्हणजे बहिणाबाई चौधरींनी गप्प बसायला हवं होतं! अक्षरओळख नाही, गण-मात्रांचा गंध नाही. त्या 1951 साली गेल्या, आणि 1952 साली पुस्तक आल्यावर जाणत्यांनी तोंडात बोटं घातली. कविता आधी, व्याकरण मागून.

सासवडकर:
मी टीका करणाऱ्यांबद्दल बोलतोय, लिहिणाऱ्यांबद्दल नाही.

मायमाऊली:
रानवाट, बहिणाबाईंना दर वेळी ‘तंत्र माहीत नसलेल्या’ म्हणून पुढे करणं बंद करा हो. ‘अरे संसार संसार / जसा तवा चुल्ह्यावर’. मोजा बोटांवर: आठ आणि आठ. ‘आधी हाताला चटके / तव्हा मिळते भाकर’. पुन्हा आठ, आठ. हे काय आपोआप होतं? जात्यावर बसून वर्षानुवर्षं ओव्या म्हटल्या की हा हिशेब कानात उतरतो. त्यांना तंत्र येत होतं, त्याची पुस्तकी नावं येत नव्हती. आपल्याकडे जातंही नाही आणि नावंही नाहीत, पण कविता रोज दोन!

आणि सासवडकर, तुमचंही अर्धंच खरं. अभंगाला लघु-गुरू लावून बघा. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. बस्स. लघु कुठे, गुरू कुठे, वारकरी विचारत नाही. म्हणताना अक्षर ओढून सारखं करून घेतो. मराठीत लोकांच्या तोंडी जे सगळ्यात जास्त आहे ते ओवी-अभंगात आहे, आणि तुमची ‘निदान’वाली अट तिथे निकामी.

बिनयमकी:
एवढी उठाठेव कशाला? मर्ढेकरांनी हे सगळं मोडून मुक्तछंद आणला, त्यालाही जमाना झाला. आजच्या जगण्याला वृत्त पेलत नाही.

सासवडकर:
घ्या! ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘पिपांत मेले’ आठ, ‘ओल्या उंदिर’ आठ. पादाकुलक या सोळा मात्रांच्या वृत्ताची चाल, अगदी ठोक्यात. ‘उंदिर’मधला ‘दि’ ऱ्हस्व आहे तो उगाच नाही. शुद्धलेखन सुधारून ‘उंदीर’ करा, लगेच नववी मात्रा. मेलेले उंदीर आणि ही लाडिक चाल, यातच त्या ओळीचा काटा आहे. मात्रा मोजता आल्या नाहीत तर ही गंमत दिसणारच नाही. मुक्तछंदासाठी नाव घ्यायचं तर कवी अनिलांचं घ्या, ‘भग्नमूर्ती’, 1940. मोठ्यानं वाचा. ओळी लहानमोठ्या आहेत, पण ताल आहे. गद्य तोडून एकाखाली एक लावलेलं नाही ते.

बिनयमकी:
मर्ढेकरांचं मान्य. पण उंदरांचा काटा मला मात्रा न मोजताही टोचला होता, शाळेत असताना. तुम्ही कारण सांगितलंत, अनुभव नाही दिलात.

मतल्याचा_मुलगा:
गझलवाल्यांकडे या, तिथे ही चर्चाच होत नाही. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात (दोन ओळींत), ‘पहाटे, काटे’ असं यमक घेतलं आणि चौथ्या शेरात ‘साठी’ आलं, तर गझल बाद. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली ती नवोदितांना ही शिस्त लागावी म्हणूनच.

रानवाट:
आणि त्या शिस्तीतून रोज किती निर्दोष, निर्जीव गझला पडतात तेही सांगा. रदीफ (शेवटी तसाच परत येणारा शब्द), काफिया (त्याआधीचं यमक), अलामत (यमकातला न बदलणारा स्वर) सगळं जागेवर; शेरात म्हणण्यासारखं काहीच नाही. तंत्र शिकलेल्याला वाटतं, बसली म्हणजे झाली.

मतल्याचा_मुलगा:
निर्जीव मुक्तछंद त्याहून जास्त पडतो, फक्त तो मोजता येत नाही म्हणून वाचतो.

फळा_खडू:
मी मराठी शिकवते. ‘यमाताराजभानसलगा’ मुलं दोन दिवसांत पाठ करतात. त्यातली सलग तीन अक्षरं घेतली की पहिल्या अक्षराच्या नावाचा गण, म्हणजे लघु-गुरूंचा तीन अक्षरी साचा, मिळतो. परीक्षेत गण पाडून दाखवतात, मार्क घेतात. मग म्हटलं, आता ही ओळ चालीत म्हण, तर वर्ग चिडीचूप. खुणा बरोबर, कान कोरा. म्हणून मी आता उलटं करते: आधी आठवडाभर नुसतं म्हणून घ्यायचं, टाळ्या वाजवत, मग फळ्यावर खुणा. सासवडकरांची ‘मार्गाने’वाली ओळ उद्या वर्गात विचारणार आहे. न मोजता किती जण अडखळतात ते बघू.

सासवडकर:
विचाराच. पण अडखळल्यावर ‘का?’ हेही विचारा. माझा धागा त्या ‘का’बद्दलच आहे.

मायमाऊली:
मग शीर्षकातलं ‘मत द्यावं का’ काढा.