चार फुटांत कोकण? नारळ सोडून बोला!
बंगल्याच्या बाजूच्या चार फुटी पट्टीत नारळ आणि पांढरी वाळू हवी म्हणताय, पण नारळ नको हो! झावळ्या शेजाऱ्यांच्या गच्चीत जाणार, नारळ पडला की भांडण ठरलेलं. सुपारी लावा. खोड सरळसोट, जागा खात नाही. फक्त पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात भरपूर पाणी आणि दुपारची सावली द्या. खाली अबोली, हळद, कर्दळ.

वाळू पहिल्याच पावसात चिखलात जाते. आणि कोकणाचा खरा रंग तांबडाच की! जांभ्याच्या चिऱ्यांची पायवाट करा. सावलीत शेवाळ धरतं, तेव्हा पावसाळाभर खराटा हाताशी हवा. उतार मात्र गेटकडे. आमच्या गवंड्याने भिंतीकडे दिला होता, दोन पावसाळे जोत्यात ओल.