व्हीएफडीसाठी पॅसिव्ह हार्मोनिक फिल्टर: प्रत्येक ड्राइव्हला वेगळा की सामाईक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भोसरीतलं युनिट, २२ केव्ही एचटी कनेक्शन, ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स ४.५ टक्के. पंप-ब्लोअरवर ७५ किलोवॅटचे तीन आणि ३७ चे दोन ड्राइव्ह (व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे), सगळे ६-पल्स (सहा डायोडच्या साध्या रेक्टिफायरचे).

ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचे लाइन चोक आधीच बसवलेत. करंटचं टीएचडी (एकूण हार्मोनिक विकृती) सत्तर टक्क्यांच्या पुढे होतं, ते ३८ वर आलं. पुढे हलत नाही. उरलंय ते मुख्यतः पाचवं आणि सातवं हार्मोनिक, म्हणजे ५० हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट: २५० आणि ३५० हर्ट्झ. ही रीडिंग पूर्ण लोडची, पॉवर ॲनालायझरने घेतलेली. एपीएफसीतले (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलमधले) साधे कपॅसिटर दोनदा फुगले, म्हणून तूर्त बंद ठेवलेत. त्यांना हार्मोनिकपासून वाचवायला ७ टक्के डीट्यून्ड रिॲक्टर मागवलेत, तेव्हा तो सल्ला नको!

ॲक्टिव्ह फिल्टर (इलेक्ट्रॉनिक्सने हार्मोनिक रद्द करणारा) बजेटबाहेर, म्हणून पॅसिव्ह, म्हणजे चोक-कपॅसिटरचा. पॅनेलरूममध्ये जागाही जेमतेम.

एक विक्रेता म्हणतो मेन पॅनेलला एकच फिल्टर लावा, दुसरा म्हणतो प्रत्येक ड्राइव्हला वेगळा. मला दुसरं पटतं, कारण रात्री दोनच ब्लोअर चालतात, तेही ४० टक्के लोडवर. पण खरी धास्ती डीजीची (डिझेल जनरेटरची) आहे. वीज गेली की ३८० केव्हीएच्या सेटवर हेच हलकं लोड येतं. फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर लीडिंग झाला (करंट व्होल्टेजच्या पुढे गेला) तर अल्टरनेटरचं व्होल्टेज चढेल.

फिल्टर मोटरच्या किलोवॅटवर निवडायचा की प्रत्यक्ष इनपुट करंटवर? आणि कपॅसिटर तोडणारा काँटॅक्टर तुम्ही किती टक्के लोडखाली उघडता?