मदत हवी आहे: कृष्णविवरांचं सिम्युलेशन ३० एमला नॅन देऊन पडतंय

शून्यलब्धी: आइनस्टाइन टूलकिट (सापेक्षतेची समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर), दोन समान कृष्णविवरं, स्पिन नाही. टी = ३० एमला (एम म्हणजे एकूण वस्तुमान, वेळ-अंतराचं एकक तेच) नॅन, म्हणजे आकड्याऐवजी ‘नॉट अ नंबर’, येऊन रन पडतो. आतलं रेझोल्यूशन वाढवलं, डिसिपेशन (आकड्यांतला खडबडीतपणा दाबणारं) ०.१ चं ०.३ केलं, ढिम्म फरक नाही. शुक्रवारी आलेख दाखवायचेत. लवकर सांगा.

घनमूळ: नॅन ग्रिडच्या कुठल्या लेव्हलवर (थरावर)? बाहेरच्या ग्रिडचं अंतर? डीटी (वेळेचं पाऊल)? ईटा (शिफ्ट, म्हणजे ग्रिडची सरक, विरवणारा गुणांक)? पॅरामीटर न देता विचारलंत तर पत्रिकाच मांडावी लागेल.

पेठेतला_पुंज: रन करायचाच कशाला? एसएक्सएस कॅटलॉगमधून (झालेल्या सिम्युलेशनांचा संग्रह) तयार तरंगरूप उतरवा. संध्याकाळपर्यंत आलेख तयार.

घनमूळ: त्यांनी नॅन का येतो ते विचारलंय.

शून्यलब्धी: नऊ लेव्हल्स, बाहेर ८ एम, आत एम/३२. कूरांट (डीटी भागिले ग्रिडचं अंतर) ०.२५, ईटा २. नॅन लेव्हल ० वर, पंक्चरपासून (कृष्णविवराच्या केंद्रापासून) लांब. तिथे तर काही घडतच नाही!

कट्टेकर: औंधला लायगो (गुरुत्वीय लहरींची वेधशाळा) येतंय ना? तिथे विचारा.

घनमूळ: औंध नव्हे हो, औंढा नागनाथ, हिंगोली जिल्हा.
शून्यलब्धी, दोष गॅमा ड्रायव्हरचा, म्हणजे शिफ्टच्या समीकरणाचा. लेव्हल ० वर डीटी = ०.२५ × ८ = २ एम, म्हणजे ईटा × डीटी = ४. आरके४ ला (वेळेत पुढे नेणारी रुंगे-कुट्टा पद्धत) साधारण २.८ पर्यंतच झेपतं. ४ ला शिफ्ट विरण्याऐवजी दर पावलाला पाचपट फुगते. या मर्यादेचा ग्रिडच्या अंतराशी संबंध नाही, म्हणून कूरांट ठीक दिसतो आणि आतलं रेझोल्यूशन वाढवून उपयोग होत नाही. श्नेटर यांनी २०१० मध्येच हे दाखवलंय. डीटीफॅक (बाहेरच्या ग्रिडचा कूरांट) ०.०६२५ करा, टाइम रिफाइनमेंट फॅक्टर (कुठल्या लेव्हलचं पाऊल किती पट बारीक) [१,१,१,२,४,८,१६,३२,६४]. बाहेरच्या तिन्ही लेव्हल्स ०.५ एमच्या पावलानं चालतील, आतलं पाऊल तेच राहील. खर्च किरकोळ वाढेल. डिसिपेशन परत ०.१.

पेठेतला_पुंज: एवढा खटाटोप? ईटा १ करा, गुणाकार २. झालं.

घनमूळ: चालेल, पण हॉरायझनचा ग्रिडवरचा आकार बदलेल. जुन्या रनशी ताडून बघता येणार नाही.

अर्धवर्तुळ: साय४ (स्ट्रेनचा वेळेनुसार दुसरा डेरिव्हेटिव्ह) वरून स्ट्रेन, म्हणजे प्रत्यक्ष तरंग, काढताना सरळ दोनदा इंटिग्रेट करू नका, आलेख वाहवत जातो. फिक्स्ड फ्रीक्वेन्सी पद्धत वापरा. मुख्य (२,२) मोडला कटऑफ सुरुवातीच्या तरंग-वारंवारतेच्या जरा खाली.

शून्यलब्धी: ८५ एम झाले, नॅन नाही!

कट्टेकर: उद्या गुरुवार. लाइट जाईल. चेकपॉइंट (मधेच जपून ठेवलेली रनची स्थिती) आहे ना?

शून्यलब्धी: तो वेगळा लावावा लागतो?

घनमूळ: कार्पेटआयओएचडीएफ५ मध्ये चेकपॉइंट यस, आयओ मध्ये दर किती तासांनी ते, आणि रिकव्हर ऑटोप्रोब (चेकपॉइंट सापडला तर तिथून पुढे). रन थांबवा, लावा, पहिल्यापासून सोडा. आत्ताच.